दरबारातला चौकस हुजऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आम्ही काहीजण दर शनिवारी रात्री एका पडवीत बसतो आणि कधीच न झालेलं एक संस्थान चालवतो. खाडीच्या मुखावर वाडा, समोर बेटावर किल्ला, आत राजा, राणीसाहेब, दिवाण, सरखेल (आरमाराचा प्रमुख) आणि वेशीवर देवचार (गावाची राखण करणारा अदृश्य राखणदार). प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. फासे आहेत, पण नावापुरते. सगळ्यात जास्त मागणी असलेलं आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडवलं गेलेलं पात्र म्हणजे राजाचा हुजऱ्या : चौकस, इमानी आणि अख्ख्या वाड्याची गुपितं पोटात घेऊन फिरणारा. त्याच्याबद्दल खेळणारे विचारतात, हल्ली असल्या कथा लिहिणारेही विचारतात, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

१. हुजऱ्या म्हणजे हेरच ना? मग वेगळं नाव कशाला?

हेर दुसऱ्याच्या घरात शिरतो. हुजऱ्या आपल्याच घरात असतो. हेराला कुणीतरी पाठवलेलं असतं आणि काम झालं की तो परत येतो. हुजऱ्याला कुणी पाठवत नाही. पहाटे तोंड धुवायचं पाणी आणायचं, दुपारी पंखा, रात्री समई मंद करायची, आणि या सगळ्यात कानावर पडेल ते पडेल. पगार चाकरीचा, खबर ही वरकमाई.

हा फरक लक्षात ठेवला की निम्मे प्रश्न सुटतात. हेराला सोंग घ्यावं लागतं. हुजऱ्याचं सोंगच नसतं, तो खरोखरच हुजऱ्या असतो. त्याला पकडायचं तरी कशाबद्दल? (पकडतातच, त्यासाठी प्रश्न १३.)

२. मी 'राजाचा खास सेवक' एवढंच लिहिलंय. चालेल का?

नाही चालणार. काम नेमकं ठरवा, कारण त्याला काय कळणार हे कामावरून ठरतं. कौटिल्याने अर्थशास्त्रात ही वाटणी फार बारकाईने केली आहे. स्वयंपाकी, आंघोळ घालणारा, अंग रगडणारा, अंथरूण घालणारा, न्हावी, पाणी देणारा ही घराच्या आतली माणसं. छत्री, पंखा, पादुका, आसन, वाहन सांभाळणारी ती बाहेरची. दोघांना दिसणारा माणूस एकच, पण त्याची बाजू वेगळी.

आमचं लाडकं काम म्हणजे विडे देणारा. का ते सांगतो. दरबारात विडा ही खाण्याची वस्तू कमी आणि बोलायची जास्त. पाहुण्याला अत्तर-पान दिलं म्हणजे भेट संपली, आता उठा. मग परक्या वकिलासाठी तबक कधी मागवलं, हे कुणाला सगळ्यात आधी कळतं? बसल्या बसल्या मागवलं तर वकिलाची डाळ शिजली नाही. दोन घटका उलटून गेल्या तरी हाक नाही, म्हणजे आत काहीतरी शिजतंय. राजाने स्वतःच्या हाताने दिला की हुजऱ्याच्या हातून देवविला, हाही फरक. आणि मोहिमेचा विडा तर निराळाच. अफझलखानाने १६५९ साली विजापूरच्या दरबारात विडा उचलला ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. पण तो विडा कुणीतरी आधी लावला असणार. 'उद्या भर दरबारात एक विडा तबकात ठेव' एवढा निरोप आला की सरखेलाच्या आधी आमच्या हुजऱ्याला ठाऊक असतं, गलबतं निघणार.

बाकीची कामं थोडक्यात. मशालजीला रात्री कोण कुणाच्या दालनात गेलं ते कळतं, पण आत काय झालं ते कळत नाही. न्हाणीघरातल्या माणसाला ताप, जखमा आणि उतरतं वय दिसतं. मुदपाकखान्याला (वाड्याच्या स्वयंपाकघराला) पानांची संख्या कळते : किती वाढली, कुठलं पान न जेवता परत आलं. आणि वहाणा सांभाळणाऱ्या पोराला कमी लेखू नका. आपल्याकडे तळव्याला लाल माती म्हणजे माणूस सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) आला, पांढरी वाळू म्हणजे पुळणीवरून (समुद्रकाठच्या वाळूवरून), आणि काळा चिकट चिखल म्हणजे खाजणातून (खाडीकाठच्या दलदलीतून). दिवाण 'देवळातून येतोय' म्हणतो आणि वहाणांना खाजणाचा चिखल आहे. देऊळ तर सड्यावर आहे.

३. म्हणजे दाराआड उभं राहून ऐकायचं नाहीच?

क्वचित. जांभ्याच्या भिंती दोन-दोन हात जाड, त्यातून काय ऐकू येणार? ऐकायचंच असेल तर माळ्यावरून. तक्तपोशीच्या (लाकडी छताच्या) फटींतून उजेड खाली जातो तसा आवाज वर येतो. पण माळ्यावर जायला कारण लागतं. कौलं शाकारायला, नारळ ठेवायला, समया काढायला. कारण नसताना माळ्यावर सापडलेला हुजऱ्या म्हणजे चोर.

एका खेळाडूने आपल्या पात्राला रात्रभर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत लपवून बसवलं होतं. मी त्याला एवढंच विचारलं, "कधी पावसाळ्याच्या तोंडावर गडग्यात हात घातलायस का?" फुरसं (विषारी साप) चावून पात्र गेलं. त्याने अजून मला माफ केलेलं नाही.

खरी खबर उरलेल्या वस्तूंतून मिळते. पहाटे बैठक झाडताना तक्क्याजवळ बारीक वाळू सापडली, तर रात्री इथे पत्र लिहिलं गेलं. ओली शाई टिपायला वाळू टाकत असत. बोरू तासल्याच्या ढलप्या पडल्या असतील, तर पत्र लांबलचक होतं किंवा दोनदा लिहावं लागलं. आणि चिटणीस संध्याकाळीच घरी गेला होता, म्हणजे पत्र राजाने स्वतः लिहिलं. इथपर्यंत यायला हुजऱ्याने एक अक्षरही वाचलेलं नाही, फक्त केर काढला आहे. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या खेळाडूला देतो. ज्याला वाळूचं महत्त्व कळतं त्याला हे पात्र देतो, बाकीच्यांना तलवार.

४. पावसाळ्यात काही वेगळं होतं का? आमची कथा आषाढात घडते.

सगळंच वेगळं होतं. बरं झालं विचारलंत, कारण बहुतेकांच्या कथेत पाऊस नुसता वातावरणनिर्मितीला पडतो.

पहिली गोष्ट, समुद्र बंद. गलबतं किनाऱ्यावर ओढून त्यांवर झापं घातलेली. नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत बंदराची खबर थांबते. राहिला घाट. फोंडा, आंबा, कुंभार्ली, जो जवळ असेल तो. जासूद त्या वाटेने भिजत, जळवा काढत येणार. म्हणजे वैशाखात रोज नवी बातमी ऐकणारा दरबार आषाढात एकाच शिळ्या बातमीवर महिनाभर जगतो, आणि शिळ्या बातमीला पाय फुटतात.

दुसरी गोष्ट, आवाज. रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. कौलांवर धो धो सुरू झालं की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागतं. म्हणूनच शहाणी माणसं खलबत पावसाच्या सरीत करतात. रायगडावर राजवाड्याच्या आवारात जमिनीखालची खोली खलबतखाना म्हणून दाखवतात. ती सोय नसलेल्या संस्थानाला आषाढातली सर पुरते. अशा वेळी हुजऱ्याचा कान निकामी होतो, आता त्याने डोळे वापरायचे. कोण पुढे झुकलं, कोण मागे रेललं, सर ओसरली तेव्हा कोण वाक्य मधेच तोडून गप्प झालं. सर ओसरण्याचा तो क्षण सोडू नका.

५. चौकस आणि भोचक यातली रेघ कुठे?

भोचक माणूस विचारतो. चौकस माणूस थांबतो. आमच्या खेळात हुजऱ्याला दिवसाला एकच प्रश्न तोंडाने विचारायची मुभा आहे, बाकीचं त्याने बघून जमवायचं. नियम साधा आहे, पण त्याने पात्र सुधारतं.

६. त्याचं इमान नेमकं कुणाशी असावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर आधी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. राजाशी, गादीशी, घराण्याशी, राणीसाहेबांशी, की ज्याने लहानपणी पेज पाजली त्याच्याशी? 'सगळ्यांशी' हे उत्तर खेळ सुरू झाल्यावर पहिल्या तासात मोडतं.

इतिहासातलं आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. त्यांचे थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी करून वाटणी केली. मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडची बाजू आणि सरखेली. आता कल्पना करा, कान्होजींच्या हाताखाली वीस वर्षं राबलेला एखादा म्हातारा चाकर. दोन्ही पोरांना त्याने खांद्यावर घेऊन पुळणीवर फिरवलंय. दोघांच्या खोडी, दोघांची भीती त्याला पाठ. याचं इमान घराण्याशी म्हणायचं, तर घराणंच दोन ठिकाणी. एकाला दुसऱ्याची खबर दिली तर हरामखोर, न दिली तरी हरामखोर.

असा माणूस मला हवा असतो. ज्याचं इमान कधी ताणलंच गेलं नाही त्याला इमानी कशावरून म्हणायचं?

एक व्यवहाराची सूचना : पात्राच्या कागदावर इमानाचं नाव एकच लिहा आणि त्याखाली, ते कधी मोडेल त्याची एक अट लिहा. अट दुसऱ्या कुणाला दाखवू नका.

७. कळलेलं सगळं त्याने मालकाला सांगावं का?

आमच्याकडे एकाने सांगितलं. राजाने सहज विचारलं, "दिवाणजी काय म्हणत होते?" आणि याने ऐकलेलं अर्धं वाक्य जसंच्या तसं ओतलं. 'राजे असेच वागले तर मी...' एवढंच ऐकलं होतं, पुढचं पावसात गेलं. राजाने दिवाणाला रातोरात घाटावर हाकललं. नंतर उघड झालं की वाक्य होतं, 'राजे असेच वागले तर मी माझी जमीन विकून शिबंदीचा पगार भागवीन.' पुढचे तीन शनिवार आम्ही संस्थान सावरण्यात घालवले आणि दिवाण खेळणारा गडी दोन शनिवार आलाच नाही.

तेव्हापासून हुजऱ्याला आम्ही तीन मडकी देतो. पहिल्यात आजच सांगायचं. दुसऱ्यात विचारलं तर सांगायचं. तिसऱ्यात कधीच सांगायचं नाही. तिसरं मडकं रिकामं असलेला हुजऱ्या चुगलखोर, आणि पहिलं रिकामं असलेला फितूर. कुठली गोष्ट कुठल्या मडक्यात, हे ठरवण्यातच त्या पात्राचा सगळा खेळ आहे.

८. अफवा आणि खबर वेगळी कशी करायची? वाड्यात तर सगळेच बोलतात.

कोकणात बातमी मिळवायची अडचण कधीच नसते. तुम्ही एसटीतून उतरायच्या आधी तुमचं कशासाठी येणं झालं ते गावात पोचलेलं असतं. अडचण असते ती दहा बातम्यांतली खरी निवडण्याची.

कौटिल्याचा नियम आजही चोख आहे : एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांकडून तीच गोष्ट आली तर विश्वास ठेवा. भर 'एकमेकांना न ओळखणाऱ्या' यावर आहे. मुदपाकखान्यातल्या तिघांनी सांगितलं म्हणजे एकानेच सांगितलं. पण मासळी घेऊन परसात आलेली बाई, देवळातला गुरव आणि घाटावरून उतरलेला बैलवाला, यांच्या तोंडी एकच गोष्ट आली तर कान टवकारा.

दशावतारी मंडळी यात फार कामाची. जत्रांचा हंगाम सुरू झाला की पेटारा घेऊन गावोगाव हिंडतात. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी त्यांची गत, त्यामुळे मानकऱ्यांच्या ओटीवरही बसतात आणि हमालांत बसून पेजही पितात. शिवाय नाटकातल्या राजाच्या तोंडी खऱ्या राजाला टोमणा मारता येतो. प्रेक्षकांत कुठल्या टोमण्याला हशा जास्त पिकला, ते हुजऱ्याने मोजावं. राजाला ती आकडेवारी दुसरं कुणी देणार नाही.

९. त्याला लिहिता-वाचता यावं का? गुप्त भाषा असावी का?

वाचता येत नसेल तर जास्त बरं, कारण त्याच्यासमोर कागद उघडे राहतात. न वाचताही बरंच कळतं (प्रश्न ३ मधली वाळू). मुद्रा आहे की नाही, मोर्तब झालंय की नाही, थैली कुठल्या कापडाची, एवढं त्याला डोळ्यांनी ओळखता येतं. मोडी येत असेल तर त्याने ती येत नसल्यासारखं वागावं. यासाठी फार संयम लागतो, म्हणजे समोर उलटा धरलेला कागद सरळ करायचा मोहही आवरायचा.

गुप्त भाषेसाठी नवीन काही शोधायला जाऊ नका, करपल्लवी तयार आहे. हातांच्या खुणांनी अक्षरं सांगायची पद्धत. नागाचा फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टंकार म्हणजे ट-वर्ग, तरू म्हणजे त-वर्ग, पल्लव म्हणजे प-वर्ग, यौवन म्हणजे य-र-ल-व, शृंगार म्हणजे श-ष-स-ह. हाताने वर्ग दाखवायचा, मग जितकी बोटं तितकं अक्षर, आणि चुटक्यांनी मात्रा. 'नको' सांगायचं असेल तर तरूची खूण आणि पाच बोटं, मग कमळ, एक बोट आणि ओकाराच्या चुटक्या. तबक धरलेल्या हाताने हे जमत नाही, म्हणून आमचा विडेवाला ते रिकामं झाल्यावर बोलतो.

घाईत असाल तर च-ची भाषा. 'मला' म्हणजे 'चलाम'. फक्त वाड्यात दहा वर्षांचं एकही पोर नको, नाहीतर संपलं.

१०. हुजऱ्याऐवजी बाई असेल तर काय बदलतं?

माजघर उघडतं. राजाच्या हुजऱ्याला जिथे पाऊल टाकता येत नाही तिथे ती सकाळ-संध्याकाळ असते. कौटिल्याने यासाठी एक पात्र सुचवलंय, ते मला फार आवडतं : गरीब, धीट, बोलघेवडी ब्राह्मण विधवा. परिव्राजिका म्हणून अंतःपुरात तिला मान आणि त्या मानाच्या जोरावर मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी जा-ये.

पण एक गोष्ट टाळू नका. मराठी रियासतींच्या कागदांत कुणबिणींच्या (दासींच्या) खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. विकत घेतलेल्या बाईचं 'इमान' हा शब्द मी जपून वापरतो. जिला वाड्याबाहेर जायची वाटच नाही तिने गुपित राखलं, तर ते इमान की नाइलाज? असं पात्र घेणार असाल तर तिच्या तोंडी 'धन्याचं मीठ' वगैरे घालून मोकळे होऊ नका. ती गुपितं गोळा करते ती स्वतःसाठी, एक दिवस दार उघडायला, असं आमच्या एका खेळाडूणीने खेळून दाखवलं. त्या मोसमातलं ते सगळ्यात चांगलं पात्र होतं, आणि हो, संस्थान बुडालं.

११. आमच्या जगात जादू आहे. देवाला विचारलं की कळतं. मग हुजऱ्या हवाच कशाला?

उलट, जास्तच हवा. आपल्याकडची 'जादू' फार शिस्तीची आहे. देवळात कौल लावला तर उजवी पाकळी पडते किंवा डावी. होय किंवा नाही. 'फितूर कोण?' असं देवाला विचारताच येत नाही. 'फितूर दिवाण आहे का?' असं विचारावं लागतं. म्हणजे नाव आधी कुणाला तरी सुचलेलं असायला हवं. ते सुचवणारा आमचा हुजऱ्या. चुकीचा प्रश्न नेला तर देव खरं सांगूनही राजा फसतो. 'दिवाण आज परक्याला भेटला का?' उजवा कौल. परका म्हणजे त्याचा घाटावरचा व्याही.

देवचाराचंही तसंच. तो रात्री वेशीवरून फिरतो, त्याला वहाणा आणि काठी ठेवतात. आमच्या संस्थानात त्याला माणसं मोजता येतात पण चेहरे ओळखता येत नाहीत. तो एवढंच सांगतो, "तीन गेले, दोन आले." नावं हुजऱ्याने भरायची, वहाणांच्या चिखलावरून (प्रश्न २). हा नियम आमच्या घरचा आहे, तुम्ही बदला. पण काहीतरी अर्धवट ठेवाच. सगळं सांगणारा देव असला की कथेला काम उरत नाही.

१२. ओ, माझ्या हुजऱ्यान मालवणी बोलाक व्हया काय?

बोलाक व्हया तर! पण कधी, ते महत्त्वाचं. भर दरबारात सगळेच पुस्तकी बोलणार. आत गेल्यावर, पगडी उतरल्यावर भाषा बदलते. हुजऱ्याने तो सांधा पकडावा. दिवाण 'महाराज, विचार व्हावा' म्हणतो तोवर काही नाही. तो 'माका काय ह्या बरा दिसत नाय' म्हणाला की खरं बोलणं सुरू झालं. आणि मालवणी येत नसेल तर ओढूनताणून लिहू नका, कुडाळकर वाचक पहिल्या ओळीत पकडतात.

१३. पकडला गेला तर?

कशात, यावर आहे. ऐकताना पकडला गेला तर बोलणी, फार तर चाबूक. सांगताना पकडला गेला तर गेला. म्हणून सांगायची जागा ठरवताना ऐकायच्या जागेपेक्षा जास्त डोकं लावा. राजाला एकांतात गाठणारा हुजऱ्या चार दिवसांत सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. दाढी चालू असताना न्हाव्याच्या तोंडून निरोप जाऊ शकतो. तेल लावताना जाऊ शकतो. आमच्याकडे गंजिफाच्या, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या, डावात जातो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तुम्ही पाहिली असेल : गोल पानं, १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात १२, एकूण १२०. राजा खेळायला बसला की पानं पिसून पुढे ठेवायचं काम हुजऱ्याचं. वरचं पान मत्स्य असेल तर बंदरातली बातमी, वामन असेल तर कुणीतरी जमीन मागतंय. राजाने ते पान उचलून घेतलं तर रात्री बोलावणं येणार, खाली सरकवलं तर आज नको.

१४. दोन्हीकडून पगार घेणारा दाखवायचा आहे. कसा दाखवू?

त्याला जुना शब्द आहे, उभयवेतन. तुमच्याच राजाने शत्रूकडे चाकरीला ठेवलेला, तिथलाही पगार खाणारा. अशाची बायकापोरं राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत असंही कौटिल्य सांगतो. म्हणजे त्या काळातही इमानावर कुणाचा भरवसा नव्हता. कथेत असा माणूस आणलात तर त्याच्या पोराबाळांचं काय चाललंय ते दाखवा. बाकी प्रश्न ६ मधली अट इथे जशीच्या तशी लागू.

परका म्हणजे कोण, हेही ठरवा. आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेकदा व्यापारी म्हणून येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांना (युरोपीय व्यापाऱ्यांना) वखारीसाठी खाडीकाठी, समुद्रकाठी जागा देऊ नये असं बजावलंय ते उगीच नाही. जंजिऱ्याच्या बेटावर सिद्दी कसे शिरले, याची सांगितली जाणारी गोष्टही तशीच : पिंपं ठेवायला जागा मागितली आणि पिंपांतून माणसं निघाली. हुजऱ्याने पिंपं मोजावीत, आणि ती उचलताना किती हमाल लागले तेही.

१५. बहिर्जी नाईकांसारखा केला तर?

करू नका. बहिर्जी हेरखात्याचे प्रमुख होते, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यांच्या हाताखाली माणसं होती. तुमच्या हुजऱ्याच्या हाताखाली फार तर एक तबक आहे. तसं पात्र हवं असेल तर ते वेगळं लिहा, आणि मग त्याला दरबारात फारसं दाखवू नका.

१६. पाळलेला पोपट हेर म्हणून चालेल का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की हसूच येतं. चालेल. पोपट आणि मैनांमुळे मसलती फुटल्याचं ऐकिवात आहे, असं खुद्द अर्थशास्त्र म्हणतं आणि कुत्र्यांचंही नाव घेतं. फक्त पोपटाकडून खबर घेताना एवढं बघा की तो आपलंच गुपित सगळ्यांसमोर बोलून टाकणार नाही.

१७. शेवटी त्याला बक्षीस काय द्यावं? जहागीर दिली तर सगळ्यांना कळतं.

बरोबर, तिथेच गोची आहे. उघड इनाम म्हणजे त्याचं काम उघडं. लाय पाटलांची गोष्ट इथे आठवते. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायचं धाडस केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. दर्यात राहणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी ती नाकारली, आणि मग महाराजांनी त्यांना 'पालखी' नावाचं गलबत दिलं, असं सांगतात. माणसाच्या उपयोगाचं आणि बघणाऱ्याला न खुपणारं. हुजऱ्याला बागेतली दोन कलमं द्या. पोरीच्या लग्नात राणीसाहेबांकडून लुगडं जाऊ दे. किंवा त्याचं नाव दरबारात कधीच न घेण्याची कृपा करा, तीही चालते.

१८. राजा मेला, नवा गादीवर बसला. आता हुजऱ्याचं काय?

तीन वाटा. नवा राजा त्याला काढतो, कारण याला फार माहीत आहे. ठेवतो, तेही त्याच कारणासाठी. किंवा हुजऱ्या स्वतःच तिसरं मडकं (प्रश्न ७) घेऊन गावी जातो आणि कुणाशी बोलत नाही. तिसरी वाट लिहायला सगळ्यात अवघड, आम्हाला अजून नीट जमलेली नाही.

दुसरी निवडलीत तर पहिला प्रसंग असा लिहून बघा : नवा राजा पान खात नाही. वीस वर्षं विडे लावणाऱ्याचं तबक पहिल्या दिवशी तसंच परत येतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्याजवळ बसतो, आणि त्या दिवशीचा आपला एकुलता एक प्रश्न विचारतो, "राजांनी दुपारी काय उरवलं?"